लेह ते थॉइस, सदतीस मैल

सातपाटीत एखादी नाव वेळेवर परतली नाही, तर लोक आधी गोमा तांडेलाच्या दारात जात. देवळात नंतर. गोमा जेवत असला तर ताट बाजूला सारून उठायचा आणि विचारायचा: नाव कुठून निघाली, किती वेळ झाला, वारा कुठला होता. मग पायाच्या अंगठ्याने जमिनीवर थोडा वेळ रेघा ओढायचा. त्या रेघा दुसऱ्या कोणाला कळत नसत. पण इंजिन बंद पडून वाहत गेलेल्या, सुकाणू मोडलेल्या कितीतरी नावा त्याने त्या रेघांवरून शोधून आणल्या होत्या. तो तांडेल, म्हणजे नावेचा कप्तान, आणि मी त्याच्या नावेवर इंजिन चालवणारा 'डायवर', म्हणून बऱ्याच शोधांना बरोबर होतो. तो जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच्याबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं, पण कोणी लिहिलं नाही.

दिसायला तो काही भारदस्त नव्हता. बुटका, छातीने रुंद, एका कानाने कमी ऐकू येणारा. ऐकू न येण्याचा त्याला फायदा होता. बायको बडबडायला लागली की तो बहिरा कान तिच्याकडे करायचा.

प्रत्येक शोधात नाव सापडायचीच असं नाही. तेव्हा आमच्याकडे एक रीत होती. शोधाला गेलेला तांडेल रिकामा परतला, तर त्याने आधी आपल्या घरी जायचं नाही. किनाऱ्यावरून ओल्या अंगाने थेट हरवलेल्याच्या घरी जायचं आणि दारात उभं राहून म्हणायचं, "मी बघून आलो. नाय गावला. आता सोडा." हे शब्द येईपर्यंत ते घर सुतक धरत नसे. बायको बांगड्या काढत नसे, आई रोज त्याच्या वाट्याचा भात वेगळा काढून ठेवत असे. पोलिसांनी सांगितलं, मच्छीमार सोसायटीने सांगितलं, तरी नाही. बघून आलेल्या माणसानेच सांगायला हवं. गोमाने पाच-सहा घरांत असं सांगितलं होतं. गोजराबाईचा नवरा हरवला आणि तिच्या घरी सांगितलं, तेव्हा मी त्याच्या मागे उभा होतो. ती रडली नाही. आत जाऊन तिने त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला, कारण त्याचे ओठ मिठाने फुटले होते.

गोमाला एकच मुलगा, आत्माराम. त्याच्यात बापाची दर्याची ओढ कमी आणि इंजिनाची जास्त. माझ्याजवळ बसून बसून तो शिकला आणि वर्षभरात माझ्यापेक्षा बरा झाला. चीनच्या लढाईनंतर सैन्यात भरती चालू होती, तेव्हा तो ट्रक दुरुस्त करणारा म्हणून गेला. त्याची आई गोदूबाई मला पुढे दोन वर्षं दिसेल तिथे बोलायची. "डायवर, तूच माज्या पोराला तेलाचा नाद लावलास. सरंगा मासळीचा लावला असतास तर घरात ऱ्हायला असता."

पासष्ट सालच्या दिवाळीत तो शेवटचा सुट्टीवर आला. लढाई नुकतीच थांबली होती, त्यामुळे सगळं गाव त्याला बघायला येऊन गेलं. संध्याकाळी ओट्यावर गोमा, गोदूबाई, मी आणि तो असे बसलो होतो. तो सांगत होता की आता त्याला लेहच्या पलीकडे पाठवणार आहेत. थॉइस म्हणून जागा आहे.

"कसला गाव तो?" गोमाने विचारलं.

"गाव नाय, बाबा. वाळू हाय, नदी हाय, आन इमान उतरायची पट्टी हाय. चारी बाजूला डोंगर. इमान उतरतं, सामान टाकतं आन परत उडतं. थंडी एवडी, का इंजिन पुरतं बंद पन करत नाय. बंद केला तर परत चालू व्हायचा नाय."

"लेहपासून किती लांब?"

"सरळ रेघेत सदतीस मैल."

गोमाने अंगठा जमिनीवर टेकवला. "सदतीस मैल म्हंजे आपला उमरगाव."

"उमरगावच्या जरा पुडं."

"मंग त्याला इमान कशाला लागतं?"

"मधी डोंगर हाय ना. खिंडीत बरफ पडला का रस्ता बंद. इमानाला वीस मिनटं लागतात."

"वीस मिनटांत माजा भात शिजत नाय," गोदूबाई म्हणाली.

"तुजा भात वीस मिनटांत शिजला असता, तर मी लष्करात गेलोच नसतो," आत्माराम म्हणाला, आणि तिने हातातली सुपारी त्याच्या अंगावर फेकली.

जानेवारीत तार आली. इंग्रजीत होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने दोनदा वाचली आणि मग मराठीत सांगितली. लेहहून थॉइसला निघालेलं विमान पोहोचलेलं नाही. आत्माराम त्यात होता. शोध चालू आहे.

गोदूबाई तेव्हा पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसली होती. तिला आणायला मला पाठवलं. मला बघून ती म्हणाली, "काय रे डायवर, इंजिन इकायला काडलंस काय?" समोरची बाई बोंबलाच्या वाट्यावर दोन बोंबील आणखी मागत होती. मी म्हणालो, "वयनी, घरी चल." तिने माझ्याकडे बघितलं. मग त्या बाईला दोन काय चार बोंबील घातले, टोपलीवर फडकं टाकलं आणि उठली.  

गोमा घरी त्या तारेसमोर बसला होता. त्याला वाचता येत नसे. तो मला म्हणाला, "कुटनं निगाला ते लिवलाय. किती लांब, ते आपल्याला आत्मानं सांगितलाय. वारा कुटला व्हता ते वाच."

"तारेत वारा नाही, गोमादा."

"मंग त्यांना इचार."

मी आत्मारामच्या पलटणीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यात दुःख होतं, मान होता, पण वारा नव्हता. पुन्हा लिहिलं, तर तेच उत्तर पुन्हा आलं.

पहिले काही आठवडे गावात कोणालाच फार वाईट वाटलं नाही, हे आज कोणाला खरं वाटणार नाही. आमच्याकडे वादळाच्या तावडीत नाव सापडली की तांडेल ती घरी आणायच्या भरीस पडत नाही. जवळ जे बंदर असेल तिथे आडोशाला घालतो. आमच्या नावा जाफराबादेला, दीवला आठ-आठ दिवस अडकून पडलेल्या आहेत, घरी रडारड झालेली आहे, आणि मग एका सकाळी माणसं हसत उतरलेली आहेत. म्हणून सगळे म्हणायचे, विमान आडोशाला गेलं असणार. दुसऱ्या कुठल्या तरी विमानतळावर उतरलं असणार. एवढ्या मुलखात दोनच का विमानतळ असतील? बर्फ हटला की येईल. पंढरी तांडेल रोज सकाळी गोमाच्या ओट्यावर येऊन हेच सांगायचा. पंढरीची नाव एकदा गोमाने अशीच शोधून आणली होती, तेव्हा त्याचं बोलणं पोकळ वाटत नसे. गोदूबाई आत्मारामच्या वाट्याचा भात काढून ठेवायची आणि सकाळी तो कोंबड्यांना घालायची. मी इंजिनवाला माणूस. हवेत इंजिन बंद पडलं तर काय होतं, ते मला समजत होतं. तरीसुद्धा मीही आडोशाचंच बोलत होतो.

गोमा मात्र बोलत नव्हता. सदतीस मैल त्याला सोडत नव्हते. हजार मैलांवर हरवला असता, तर कदाचित त्याने देवावर सोडलं असतं. पण उमरगावपर्यंतच्या अंतरात त्याने आयुष्यात कोणाला हरवू दिलं नव्हतं. तो समुद्रावरून आला की किनाऱ्यावर उभा राहून उत्तरेकडे बघायचा आणि म्हणायचा, "एवड्यात? एवड्यात कसा गावत नाय त्यांना?"

होळी झाल्यावर कोणीतरी त्याला बन्सीची बातमी दिली. तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. देशभरातली माणसं तिथे आली होती. बन्सी नगरकडचा, पारनेरचा. सैन्यात गाडी चालवायचा, लेहला दोन हिवाळे काढलेले. आता बांधकामाच्या फाटकावर पहारा करत होता. आम्ही दोघे बोईसरला उतरलो आणि सिमेंट घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये बसून तिथे गेलो. गोमाने नवीन सदरा घातला होता आणि बरोबर सुकी मांदेली घेतली होती. हरवलेल्या नावेची चौकशी करायला कोणाकडे जाताना तो असंच काहीतरी न्यायचा.

बन्सी भला माणूस होता. त्याने आम्हाला फाटकाजवळच्या पत्र्याच्या सावलीत बसवलं. पलीकडे खडी फोडण्याचं यंत्र चालू होतं, त्यामुळे प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागत होती, आणि गोमाच्या त्या कानामुळे दोनदा.

"थॉइसला म्या गेलोय," बन्सी म्हणाला. "इमानानं एकदाच. खिडकीतनं बघितलं आन पुन्यांदा डोळं उघडलं न्हाईत."

"वारा कुटला ऱ्हातो?" गोमाने विचारलं.

"सकाळच्या पारी नसतो. ऊन चढलं की सुटतो. दरीदरीतनं येतो, कुठून बी येतो. म्हणून इमानं लई लवकर सोडत्यात. उशीर झाला की त्या दिवशी सोडतच न्हाईत."

"आन वाटंत आडोसा?"

बन्सीला कळलं नाही. मी सांगितलं, मध्ये उतरायला दुसरी जागा आहे का, असं विचारतायत.

बन्सीने खाली वाकून दोन खडे उचलले आणि ते वीतभर अंतरावर ठेवले. मधल्या जागेत त्याने खडीचा ढीगच ओतला. मग गोमाकडे बघून म्हणाला, "तांडेल, हे लेह. हे थॉइस. मधी हे असं. ह्याच्यात खाटंएवढी सपाट जागा न्हाई वो."

गोमाने त्या खडीकडे बघितलं. मला वाटलं आता तो उठेल. तो उठला नाही. म्हणाला, "तितलं बरफ कवा पान्याला लागतं?"

"उन्हाळ्यात. वैशाख-जेठात. मंग श्योक नदी अशी फुगती, की पुलावर उभं ऱ्हावत न्हाई."

"ती नदी कुटं जाते?"

"खाली सिंधूला मिळती. आन सिंधू पाकिस्तानात. त्येच्या म्होरं कराचीकडं, समुद्राला."

बन्सी हे अगदी सहज बोलला. शाळेतलं आठवून सांगावं तसं. पण गोमाचा अंगठा धुळीत हलायला लागला होता. निघताना त्याने मांदेलीची पुडी बन्सीच्या हातात दिली आणि विचारलं, "तुज्या घरी पोरं किती?" बन्सी म्हणाला, "दोन. धाकटा तर अजून रांगतोय." "बरा," गोमा म्हणाला, "इतंच ऱ्हा मग."

बोईसरच्या फलाटावर गाडीची वाट बघताना त्याने मला सगळं सांगितलं. पावसाळ्यात आपल्या दर्याचं पाणी वरून खाली वाहतं. सिंधूच्या तोंडचं पाणी जखाऊवरून द्वारकेकडे येतं. तो तरुण असताना द्वारकेच्या वर त्यांच्या जाळ्यात एक ओंडका आला होता. साग नाही, शिसव नाही. तोडला तर डिंकासारखा वास. तिथले मच्छीमार म्हणाले होते, हे सिंधूचं लाकूड, वर बर्फाच्या मुलखात होतं. वैशाखात बर्फ सुटलं, तर आषाढात ते पाणी तिथे पोहोचेल. आपण द्वारकेच्या वर जाऊन आडवं उभं राहायचं.

"गोमादा, इमान लोखंडाचं," मी म्हणालो. "लोखंड बुडतं."

"लोखंड बुडतं. मानूस वर येतो. तुवा नि मी बगितलाय ना."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने आत्माराम गेला असं कबूल केलं होतं, आणि ते अशा तऱ्हेने.  मी म्हणालो, "आषाढात दर्या बंद असतो."

"म्हाईत हाय."

"मग?"

"मंग काय?" तो म्हणाला. "गोदू रोज भात काडते. तिला कोन सांगनार? त्या डोंगरात जाऊन मी बगू शकत नाय. लष्करवाले बगून आले का नाय, कोन जाने. माजा दर्या तरी मी बगीन. बगून आल्याबिगर मी तिला काय सांगू, डायवर? सांग तू."

त्या नदीवर खाली मोठमोठे बंधारे आहेत, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा कळलं असतं तर मी त्याला सांगितलं असतं की नाही, माहीत नाही.

आगोटीला, पावसाच्या तोंडावर, सगळ्या नावा वर ओढल्या. दरवर्षीसारख्या झावळ्यांनी शाकारल्या. गोमाची नावही इतरांबरोबर वर आली, पण त्याने तिला झावळ्या घालू दिल्या नाहीत. लोकांनी विचारलं तर म्हणाला, "मला जायचा हाय." लोक समजले चेष्टा आहे. मग ज्येष्ठ सरला, पाऊस धरून बसला, आणि एका सकाळी गोमा दारोदार फिरायला लागला.

मोठी नाव पाण्यात ढकलायला वीस माणसं लागतात. त्याशिवाय तिच्यावर चढून जायला पाच-सहा जण. ज्या ज्या घरी तो गेला, त्यातल्या निम्म्या घरांतला कोणी ना कोणी त्याने परत आणलेला होता. त्याला आत बसवत, चहा देत, आणि नाही म्हणत. पंढरीने तर त्याचे पाय धरले. "गोमादा, तुज्यासाटी मी जीव देईन. पन तुला मराया नाव ढकलनार नाय."

"मी मराया चाललो नाय. शोधाया चाललो."

"आषाढात?"

"तू हरवलास तवा कार्तिक व्हता म्हनून तू जिता हाईस. माज्या पोरानं म्हयना बगून हरवायचा व्हता काय?"

पंढरीने पाय सोडले नाहीत. गोमाला पाय सोडवून घेऊन जावं लागलं.

शेवटी तो माझ्याकडे आला. मी डिझेलची अडचण सांगितली. सोसायटीने टाकी बंद केली आहे, इंजिनाचं नोझल काढून साफ करायला ठेवलंय, असं काहीबाही सांगत राहिलो. तो ऐकत होता. चांगला कान माझ्याकडे करून ऐकत होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, "बरा," आणि पावसात निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो एकटाच नाव ढकलायला लागला. नावेच्या बुडाखाली ओंडके सरकवायचे, पहारीने टेकू द्यायचा आणि खांदा लावायचा. नाव हलत नव्हती. हललीच तर बोटभर. आम्ही घराघरांच्या पडव्यांतून बघत होतो. संध्याकाळी तो वाळूत बसून खांदा चोळायचा आणि सकाळी पुन्हा यायचा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गोदूबाई लुगड्याचा काष्टा आवळत खाली गेली. तिने त्याला काही म्हटलं नाही. त्याच्या शेजारी उभी राहिली आणि खांदा लावला. दोन म्हातारी माणसं पावसात त्या नावेला चिकटलेली दिसत होती. पंढरी माझ्या पडवीत उभा होता. तो म्हणाला, "कोनीतरी जा नि त्यांना घरी आना रे." आणि स्वतः मात्र गेला नाही. कोणीच गेलं नाही.

गोजराबाई गेली. ती किनाऱ्यावरून परत आली, आमच्या पडवीपुढे उभी राहिली आणि अंगावरून पाणी गळत असताना हळू आवाजात बोलली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"माज्या घोवाला शोधाया हा आठ दिस दर्यात व्हता. वादळ चालू व्हता. तवा तुमी कोनी मोजला नव्हता, किती मानसं मरतील ते. मी बांगड्या काडल्या त्या याच्या शबदावर. आता याला शबद कोन देनार? पंढरी, तू देशील?"

पंढरी म्हणाला, "गोजरावयनी, अगं समिंदर बग तरी कसा हाय."

"मी बगितलाय. मी दोन बाया घेऊन ढकलाया चालले. तुमी वरनं बगा."

ती वळली आणि गेली. तिच्या मागे आणखी बायका निघाल्या. मग पुरुषांना घरात थांबणं अवघड झालं. मी आत गेलो, कोपऱ्यात दडवून ठेवलेले डिझेलचे डबे काढले, ते दोन्ही हातांत घेतले आणि उतारावरून खाली गेलो. मी पोहोचलो तेव्हा पंढरी नावेच्या पुढच्या बाजूला खांदा लावून उभा होता. गोमा कोणाकडेच बघत नव्हता. तो फक्त "हां, हां, हां" असा ताल देत होता.

भरतीला नाव पाण्याला लागली. सकाळचे दहा वाजले असावेत, पण उजेड तिन्हीसांजेसारखा होता. पंढरी चढला, आणखी चौघे चढले. मी इंजिनापाशी बसलो आणि चाक फिरवलं. दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. गोमाने सुकाणू धरलं. किनाऱ्यावर बायका उभ्या होत्या. त्यांत पंढरीची बायको होती, माझी बायको होती. कोणी रडत नव्हतं, कोणी हाकही मारत नव्हतं. गोदूबाई कमरेएवढ्या पाण्यात नावेला हात लावून उभी होती.

खाडीच्या तोंडाशी लाट उभी राहत होती. फुटायची, आणि फुटलेलं पाणी खाली जायच्या आत मागून दुसरी यायची. गोमा ते बघत राहिला. कुठल्याही शोधाला निघताना तो असंच बघायचा. दोन लाटांमध्ये नाव काढायला जागा किती मिळते, ते मोजायचा. मग "घे" म्हणायचा. मी "घे"ची वाट बघत होतो. पंढरीने कमरेला दोरी बांधली आणि दुसरं टोक डोलकाठीला बांधलं. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली. गोमा लाटांवरची नजर काढून त्या गाठीकडे बघायला लागला.

"डायवर," तो म्हणाला, "बंद कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी तसाच बसून राहिलो.

"बंद कर. जागा नाय."

मी इंजिन बंद केलं. गोमा पाण्यात उतरला. तो गोदूबाईसमोर जाऊन उभा राहिला. दोघेही छातीपर्यंत भिजलेले.  इतक्या घरांत बोललेले ते शब्द त्याला सापडत नव्हते.

"गोदू," तो म्हणाला, "मी बगून नाय आलो. मला बगता येनार नाय. इतनं नाय, तितनं नाय, कुटनंच नाय. तरी सांगतो. सोड."

गोदूबाईने त्याच्याकडे बघितलं. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता ती त्याच्या अंगावर पडून रडेल आणि हे संपेल.

"तू बगून आलास?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग कसा सोडू?"

"गोदू, ऐक."

"दुसऱ्याच्या दारात बगून आल्याबिगर सांगितलास कवा? माज्याच दारात कसा सांगतोस?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसा होता. "तू धर सुतक. मी नाय धरनार."

 गोमा वळून पाण्यातून बाहेर आला आणि वाळूवरून घराकडे चालायला लागला. त्याच दुपारी त्याने न्हाव्याला बोलावून डोकं भादरून घेतलं. एका घरात एकाने सुतक धरलं आणि एकीने धरलं नाही, असं सातपाटीत आधी कधी झालं नव्हतं. भेटायला जायचं की नाही, तेच लोकांना कळेना.

पण ते दुपारी. त्या वेळी आम्ही अजून पाण्यातच होतो आणि लाटा नावेला आडवं करायला लागल्या होत्या. तशीच ठेवली असती, तर तासाभरात फुटली असती. पंढरीने दोरी सोडली, खाली उडी मारली आणि माणसांना हाका मारल्या. आम्ही दोन्ही बाजूंनी नाव धरली. ढकलण्यापेक्षा वर ओढणं जड. पाय वाळूत रुतत होते. माझ्या शेजारी कोणीतरी खांदा लावला, म्हणून मी बघितलं, तर गोदूबाई होती.

"वयनी, तू घरी जा," मी म्हणालो. "आमी हाव ना."

"सावकाश वडा," ती म्हणाली. "बूड घासू नका. नाव परत लागंल."